मालवणचा चार्म कण

१४ डिसेंबर
तेजस्वी येतेय. महिनाभर. तोंडवलीला, वडलांकडे.
मला काहीही वाटलेलं नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.
जिनिव्हाच्या त्या अवाढव्य यंत्रावर ती बरीच वर्षं काम करते. प्रोटॉनवर प्रोटॉन आपटायचे आणि त्यातून चार्म नाहीतर ब्यूटी क्वार्क पोटात घेतलेला एखादा जड कण बाहेर पडतो का, पडला तर कसा मोडतो, हे बघत बसायचं. थंडीत यंत्र बंद ठेवतात, म्हणून सुट्टी. आमच्या ज्युनियर कॉलेजात थंडीत पूर्वपरीक्षा असतात आणि फिजिक्सचे गठ्ठे मी एकटा तपासतो. कोण जास्त काम करतं हे उघड आहे.
बारावीला आम्ही एकाच वर्गात होतो. फिजिक्समध्ये मला तिच्यापेक्षा दोन मार्क जास्त होते. हा विषय मी कुणाकडे काढत नाही.

१५ डिसेंबर
जेवताना मार्कांचा विषय सहज निघाला. संचिता म्हणाली, हा विषय लग्नानंतर पहिल्या आठवड्यातसुद्धा सहज निघाला होता. बायको ओरोसला सरकारी ऑफिसात अकाउंट्सला आहे. त्या लोकांना जुने आकडे नको इतके लक्षात राहतात.

१८ डिसेंबर, संध्याकाळ
येऊन गेली. बरोबर स्विस चॉकलेट. मला गोड वर्ज्य आहे हे तिला माहीत नसणार, पण चौकशी करता आली असती. (दोन खाल्ली. बरी होती.)
दारातूनच "गुरू!" अशी हाक. अजूनही मला गुरू म्हणते. माझं नाव गुरुप्रसाद आहे हा भाग वेगळा. हाकेतला आदर कळतो.
आई पुढे होऊन म्हणाली, "किती बारीक झालंस गो तेजू! थंय जेवूक घालनत नाय काय?" मग तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, सगळं. मी वर्षानुवर्षं या घरात बारीक आहे, कुणी विचारलं नाही.
जेवण झाल्यावर सृष्टीने तिला इंडक्शनचा एक डाउट विचारला. माझी मुलगी, बारावी सायन्स, माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात. माझ्याकडे तिने गणपतीपासून डाउट आणलेला नाही. मी याचा अर्थ असा लावला होता की माझं शिकवणं क्लिअर आहे.
तेजस्वीने कागदाच्या पुडीवर आकृती काढून सांगितलं. सृष्टी म्हणाली, "अय्या, एवढंच?"
हे एवढंच मी ऑगस्टमध्ये फळाभर लिहून सांगितलं होतं.

२० डिसेंबर
सृष्टी स्कूटर घेऊन तोंडवलीला गेली. "तेजूआत्याकडे."
आत्या! मला बहीण नाही. असती तरी इतकी परस्पर आत्या झाली नसती.

२१ डिसेंबर
परत तोंडवली. आईही मागे बसून गेली. परत आल्यावर म्हणाली, "तेजून माका क्वार्क सांगल्यान. माका सगळां कळलां." मी विचारलं, काय कळलं? तर म्हणाली, "तां तुका नाय कळाचा."

२२ डिसेंबर, पहाटे
निश्चय झाला. शांतपणे, कोणाबद्दलही मनात काही न ठेवता.
जड क्वार्कचा अभ्यास करायला सत्तावीस किलोमीटरचा बोगदा लागतो, हा श्रीमंत देशांचा गैरसमज आहे. आकाशातून कॉस्मिक किरण फुकट पडतात. जिनिव्हावर पडतात तसेच मालवणावर. जपानी लोकांनी पन्नासेक वर्षांपूर्वी विमानातून खास फोटोप्लेटा नेल्या आणि त्यावर चार्मसारखी एक फूट पकडली. मी विमानातून नेणार नाही. गच्चीवरच्या खोलीत क्लाउड चेंबर बांधणार. काचेची टाकी, वरून अल्कोहोलची वाफ, खालून भयंकर थंडी. कण गेला की विमानामागे राहते तशी धुक्याची बारीक रेघ उमटते. त्या रेघेला मध्येच फाटा फुटलेला दिसला की समजायचं, जड कण मोडला.
टार्गेट : २६ जानेवारी. झेंडावंदनाला जाहीर करायचं.
पेपर उद्यापासून तपासतो.

२४ डिसेंबर
टाकी मिळाली. एका लॉजवाल्याने मासे मेले म्हणून काढून टाकली होती. उत्तम काच. थंडीसाठी बाळाला सांगून जेटीवरच्या फॅक्टरीतून बर्फ आणला, त्यात मीठ. बाळा माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याची होडी आहे. खोलीच्या खिडक्यांना चादरी लावून टॉर्च मारून दुपारभर बसलो. काही नाही. बर्फ-मीठ पुरेसं थंड होत नाही. वाटलंच होतं.
बाळा म्हणाला, "गुरू, ह्या बर्फात बांगडे घातलंस तर बरे रवतले. तुझो कण काय माका दिसणा नाय."
मूलभूत संशोधनाला समाजाचा पाठिंबा नसतो तो असा.

२६ डिसेंबर
ड्राय आइसच हवा. म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. पणजीच्या एका आइस्क्रीमवाल्याला फोन केला. एसटीने पाठवतो म्हणाला. थर्माकोलच्या दोन पेट्यांत एकात एक भरून देऊ का विचारत होता. म्हटलं, साधा खोका चालेल, मी फिजिक्सचा माणूस आहे, मला शिकवू नका.

२९ डिसेंबर
खोका शनिवारी डेपोत आला होता. मी आज सोमवारी गेलो. सील अखंड. आत काही नाही. खोका हलका लागला तेव्हाच शंका आली.
कंट्रोलरला सुनावलं. चोरी झाली आहे, लेखी तक्रार करतो म्हटलं. तो बिचारा खोका उलटासुलटा करून म्हणाला, "सर, सील तर तसाच आसा. मगे चोर भायर खंयसून पडलो?"
घरी येऊन संचिताला सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "त्याची हवा तर नसेल झाली?"
तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर असण्याची शक्यता आहे. हे प्रकरण अकरावीला मीच शिकवतो, त्यामुळे ते माझ्या डोक्यात होतंच. फक्त त्या दिवशी वर नव्हतं.
तक्रार मागे घेतली. मोठेपणाने.

३१ डिसेंबर
प्राचार्यांनी बोलावलं. वाटलं, संशोधनाची बातमी पोचली. तर म्हणाले, तेजस्वी मॅडमचं व्याख्यान ठेवतोय, प्रास्ताविक तुम्ही करा, वर्गमित्र ना तुम्ही. पाच मिनिटं.
करतो म्हटलं. माझ्याशिवाय तिची ओळख योग्य प्रमाणात कोण करून देणार?
नवीन वर्षाचा संकल्प : मत्सर या भावनेला थारा द्यायचा नाही. तसा आजवर दिलेलाच नाही, तेच चालू ठेवायचं.

२ जानेवारी
प्रास्ताविक लिहून झालं. डेमोक्रिटस ते सिंधुदुर्गातील विज्ञानशिक्षण : आव्हाने व माझे प्रयत्न. शेवटी तेजस्वीचा उल्लेख आहे.
शिवाय एक प्रश्न तयार ठेवलाय. नेटवर रात्रभराचं वाचन करून नव्हे, सहज सापडला. तिच्या गटाने मागे जाहीर केलं होतं की ब्यूटी क्वार्कचा कण मोडताना इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन यांना समान वागणूक देत नाही. फिजिक्सचं पुस्तक बदलावं लागेल अशी हवा झाली. आणि नंतर तो फरक नाहीसा! पुसला गेला! हे ती व्याख्यानात सांगते का बघतोच.

३ जानेवारी, संध्याकाळ
सविस्तर लिहितो. मन शांत आहे.
हॉल भरला होता. मी प्रास्ताविकात न्यूटनपर्यंत पोचलो तेव्हा प्राचार्यांची पहिली चिठ्ठी आली. दुसरी आली तेव्हा रदरफोर्ड. तिसरी त्यांनी स्वतः आणून दिली.
मग ती बोलली. स्लाइड चारच. जड क्वार्कचा कण सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाएवढा जगतो, काही मिलिमीटर जातो आणि मोडतो, तो आम्हाला कधीच दिसत नाही, असं म्हणाली. मग पहिल्या रांगेत आई बसली होती तिच्याकडे बघून मालवणीत, "तोंडवलेच्या येळेर सकाळी बघलास मां? कुर्ली दिसणा नाय. वाळयेचे बारीक गोळे दिसतत. सगळे गोळे खंयच्या बाजून इले तां बघीत मागे मागे गेलास की बीळ गावता. आमी तांच करतंव. रेषा मागे मागे नेतंव आणि तो खंय मोडलो ती जागा सोदतंव."
किनाऱ्यावरच्या खेकड्यांचं ऐकून हॉल हसला. आई मान हलवत होती, जणू तिनेच सांगितलं होतं.
प्रश्नोत्तरं. मी हात वर केला. अत्यंत सभ्यपणे विचारलं की मॅडम, इलेक्ट्रॉन-म्यूऑनचा तो गाजलेला फरक आता नाहीसा झाला म्हणतात, हे खरं का?
मला वाटलं होतं चेहरा पडेल.
ती म्हणाली, "खरं आहे. मीच घालवला."
मग सांगत गेली. सगळा गट आनंदात होता, फोन येत होते, मुलाखती चालल्या होत्या. तिला एका ठिकाणी खटकत होतं. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत भलतेच कण घुसले असतील तर? दोन वर्षं तेच तपासलं. घुसलेले निघाले. ते बाजूला काढले आणि फरक गेला. "ज्या दिवशी आकडा सरळ आला त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. कारण तो फरक मलाही हवा होता. पण नव्हता. मग काय करणार?"
एवढ्यावर टाळ्या? चूक निघाली म्हणून? आमच्याकडे पेपरात चूक निघाली तर मार्क कापतात. सृष्टी उभी राहून टाळ्या वाजवत होती.
मी चहाची व्यवस्था बघायला बाहेर गेलो. व्यवस्था ठीक होती. आभार होईपर्यंत बघत राहिलो.

५ जानेवारी
आई आज सांगते, मी चहाकडे गेल्यावर तेजस्वी माझ्याबद्दल बोलली. बारावीच्या प्रॅक्टिकलला तिचे हात थरथरत होते, तेव्हा मी शेजारच्या टेबलावरून म्हटलं होतं, घाबरू नको, आधी रिकामं व्हर्नियर बघ, त्याचा शून्य शून्यावर आहे का बघ, मग मोज. ती म्हणाली म्हणे, की आजही रोज हेच करते आणि हे मला गुरूने शिकवलं.
आईला विचारलं, दोन दिवस का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुझां तोंड बघलंय आणि गप रवलंय."
अशी वाक्यं माणूस हॉलमध्ये असताना बोलावीत.
दोन मार्कांचा उल्लेख तिने केला नाही, हेही लक्षात आलं.

८ जानेवारी
तेजस्वीचा फोन. सृष्टीने चेंबरचं सांगितलेलं दिसतं. "गुरू, ड्राय आइस होयो ना तुका? माझी मैत्रीण आसा पणजेक, मी हाडतंय." मी म्हटलं, गरज नाही, माझी व्यवस्था झाली आहे.
व्यवस्था झालेली नाही. परत फोन करून सांगितलं की आणलास तर चालेल, तुलनेसाठी.

१० जानेवारी, दुपार
आरोंद्याच्या रस्त्याने गाडीतून घेऊन आली. थर्माकोलच्या दोन पेट्या, एकात एक, वर गोधडी.
खोलीत अंधार केला. टाकी, अल्कोहोल, टॉर्च. पहिली काही मिनिटं नुसतं धुकं. मग एक रेघ! बारीक, सरळ, आली आणि विरली. मग दुसरी. मग जाड आखूड एक. आई म्हणाली, "देवा म्हाराजा!" संचिता ऑफिसातून आली ती पर्स खांद्यालाच ठेवून खाली बसली. सृष्टी मोबाइलवर फोटो काढत होती. तेजस्वीसुद्धा लहान पोरीसारखी टाकीला नाक लावून. म्हणाली, इतकी वर्षं स्क्रीनवरच बघते, डोळ्यांनी असं कधी बघितलंच नव्हतं.
खरं सांगायचं तर तेवढा वेळ मला कशाचंच काही वाटलं नाही. रेघा बघत होतो.
ती गेल्यावर भानावर आलो. सृष्टीचे फोटो माझ्या लॅपटॉपवर घेतले.

११ जानेवारी, सकाळ
सापडला!!!
चौदाव्या फोटोत, उजवीकडे खाली. एक रेघ येते आणि तिला फाटा फुटतो. स्पष्ट. इंग्रजी वाय. सतराव्यातही आहे. म्हणजे एक नव्हे, दोन!
चार्म. दुसरं काय असणार?
गच्चीवर जाऊन आलो. खाली बाळा चालला होता, त्याला ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "बरां झालां, आता टाकी रिकामी होतली मां?"

१२ जानेवारी
तेजस्वीला फोटो पाठवला. मजकूर एकच ओळ : "बोगद्याची गरज नसते."
उत्तर : "मस्त दिसतंय! पण चार्म मोडण्याआधी इतकं लांब जात नाही रे, डोळ्याला फाटा दिसणं अवघड. बाकीचे फोटोही बघ ना. टाकी रिकामी असतानाचा आहे का एखादा?"
संपूर्ण उत्तर तीनदा वाचलं. जळते.
मला तिचं वाईट वाटतं. एवढी वर्षं, एवढा पैसा, एवढे लोक, आणि इकडे माशाच्या टाकीत काम होतं. माणूस कितीही मोठा झाला तरी मत्सर सुटत नाही. उत्तर पाठवलं नाही. तिला सावरायला वेळ देतो.

१५ जानेवारी
प्राचार्यांना सांगितलं : २६ तारखेला झेंडावंदनानंतर एक महत्त्वाची घोषणा. ओंकारलाही बोलावलं. ओंकारचं मोबाइलचं दुकान आहे आणि तो पेपरला बातम्या देतो. विचारत होता, सर, मॅडम येतील का घोषणेला? मी म्हटलं, मॅडमचा संबंध नाही.
पेपरांचे गठ्ठे तसेच आहेत. इतिहासात असे प्रसंग येतात.

१८ जानेवारी
तेजस्वी गेली. सृष्टी सोडायला गेली होती. मीही जाणार होतो, पण भाषण लिहायचं होतं. गाडी आमच्या दारावरून गेली. तेजस्वीने काच खाली करून विचारलं, "गुरू, तुका राग इलो काय रे माझो?"
मी म्हटलं, छे, कसला राग, सांभाळून जा.
गाडी वळेपर्यंत हात हलवत होती. मला हात हलवायची सवय नाही.

२४ जानेवारी, संध्याकाळ
आज जे झालं ते लिहू की नको असं चाललंय.
भाषण पाठ करत होतो. सृष्टी आली, लॅपटॉप घेऊन शेजारी बसली. म्हणाली, "बाबा, तुला एक दाखवू? रागावू नको."
तिने त्या दिवशी टाकी मांडली तेव्हाच, अल्कोहोल घालायच्या आधी, एक फोटो काढला होता. सहज, टॉर्च नीट पडतोय का बघायला. टाकी कोरडी. धुकं नाही, काही नाही. उजवीकडे खाली, वाय.
मग तिने चौदावा फोटो त्याच्यावर ठेवला. मग सतरावा. वाय जागचा हलला नाही.
काचेवर ओरखडा आहे.
मी म्हटलं, मला माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होतो.
तिने फोटो परत एकावर एक ठेवून दाखवले. मग मी म्हटलं की कोरड्या टाकीतही कण येऊ शकतो. तिने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मग मी जरा मोठ्याने विचारलं, हे तुझ्या आत्याला कधी सांगितलंस? काय म्हणाली ती?
"तिला नाही सांगितलं बाबा. कुणालाच नाही. तुझा प्रयोग आहे, म्हणून आधी तुला सांगितलं."
नंतर म्हणाली, "तुझ्या टाकीत रेघा खरंच दिसल्या ना पण. त्या खऱ्या होत्या."
ती गेल्यावर बोटाने काच चाचपली. नखाला लागतो.

२५ जानेवारी
घोषणा रद्द करण्याचे मार्ग : ताप. पाठदुखी. प्राचार्यांच्या घरी काही अशुभ. (हे खोडलं.)
दुसरा मार्ग : घोषणा करायची. ओंकारला ओरखडा आणि चार्म यातला फरक कळत नाही, प्राचार्यांनाही नाही. गावात कळणारी एकच, ती जिनिव्हाला. आणि दुसरी पहिल्या रांगेत असेल.
जेवलो नाही. आईने पेज दिली. पेज खाल्ली.

२६ जानेवारी, दुपार
झेंडा झाला. प्राचार्यांनी नाव पुकारलं. प्रोजेक्टरवर चौदावा फोटो. ओंकारचा पत्ता नव्हता, तो आणखी तीन ठिकाणची झेंडावंदनं करत येणार होता.
पाठ केलेलं भाषण आठवत होतं. पहिलं वाक्य होतं, "बंधुभगिनींनो, आज मालवण जगाच्या नकाशावर." सृष्टी समोर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. तिलाच लाज वाटल्यासारखी.
मी म्हटलं, "मला यात नवा कण दिसला होता. तो नाही."
मग जे आलं ते बोललो. टाकी, बर्फ, रिकामा खोकासुद्धा. मुलं हसली, खोक्याला जास्त. मी का कोण जाणे, थांबलो नाही. तेवढ्यात ओंकार घामाघूम होऊन आत आला, मोबाइल वर धरून. मी शेवटचं वाक्य बोलत होतो : "तर हा जो तुम्हाला पडद्यावर दिसतो आहे, तो ओरखडा आहे, आणि तो माझी मुलगी सृष्टी हिने शोधला."
टाळ्या आल्या. मोजक्या, पण आल्या. सृष्टीने वर बघितलं.
घरी येताना स्कूटर तिने चालवली. मध्येच विचारलं, "बाबा, परत करूया ना? दुसरी टाकी आणून?" मी म्हटलं, आधी पेपर तपासतो. खरंच तपासायला बसलोय.

२८ जानेवारी, सकाळ
काल सुट्टीमुळे पेपर नव्हता. आज आला.
पान चार. ठळक मथळा : "मालवणात 'ओरखडा' कणाचा शोध! स्थानिक प्राध्यापकाची कामगिरी, कन्येचेही सहकार्य."
आत लिहिलंय की ओरखडा हा अतिशय दुर्मिळ कण असून तो काचेतही टिकतो.
ओंकारला फोन केला. म्हटलं, अरे, ओरखडा म्हणजे ओरखडा! तो म्हणाला, "होय सर, तांच लिवलंय. मराठी नाव ठेवलास ह्यां बरां केलास."
प्राचार्यांचा अभिनंदनाचा मेसेज. डेपोच्या कंट्रोलरचाही. सृष्टी हसून हसून जमिनीवर बसली आहे. संचिता ऑफिसला जाताना अंक पर्समध्ये घालून गेली, ओरोसला दाखवायला. खुलासा पाठवणार आहे. आजच. निदान या आठवड्यात. तोपर्यंत अंक जपून ठेवायला हरकत नाही, म्हणून बाळाच्या घरचाही मागून आणला आणि मग कुठे नीट पाहिला.
बातमीबरोबर फोटो तेजस्वीचा छापलाय.
व्याख्यानाच्या दिवशीचा. ओंकारकडे विज्ञानाचा तेवढाच होता म्हणे.
आईने चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग अंक माझ्याकडे देत म्हणाली, "फोटो पण बरो इलो आसा हां तेजूचो."